हॅलोचं सामान

भाच्याला मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. सन मला विचारू नका. ती मुलगी आता तिसरीत आहे आणि मला धडा वाचून दाखवताना जोडाक्षराला अडखळते, त्यावरून ज्याला काढायचं त्याने काढावं. तेव्हा ती आणि तिची आई अजून दवाखान्यातच होत्या. घरी भाचा, त्याची आई म्हणजे माझी भावजय, मी, आणि आतल्या खोलीत माझा धाकटा भाऊ, भाच्याचा बाप. त्या सकाळी राज्याच्या हद्दीपलीकडून दोन माणसं भावाचं सामान बघायला आली. एक गाणारी बाई आणि एक गाडीवाला. बाईने पहिल्याप्रथम काय केलं, तर पेटीतून माइक उचलला, त्याच्या तोंडावरची जाळी फिरवून काढली, नाकाशी धरली आणि हुंगली.

आमच्या घरात आजवर पुष्कळ माणसं आली गेली. कुणी असं कुणाच्या तोंडाला नाक लावलं नव्हतं. दूध नासलंय का बघताना हुंगतात तसं तिने हुंगलं, डोळे मिटून, आणि गाडीवाल्याला म्हणाली की हा खरोखरचा गायलेला आहे, गंज नाही, थुंकी मात्र पोटभर आहे. गाडीवाला हसला. तिने जाळीच्या आतला स्पंज नखाने उचकटला. एके काळी तो काळा होता, आता चहाच्या चोथ्यासारखा झाला होता आणि तिच्या नखाला चिकटून आला. तिने तो अंगठ्याने चोळला. त्याची भुकटी आमच्या फरशीवर पडली. ती थुंकी माझ्या भावाची होती. त्याची एकट्याची म्हणता येणार नाही. जेवणावळी आटोपल्या की ज्याला दोन शब्द बोलायचे असत तो प्रत्येक जण त्या जाळीला ओठ लावून फू फू करून गेला होता. मुलीचे बाप, निवृत्त होणारे साहेब, बक्षीस देणारे पाहुणे, प्यायलेले मेहुणे. भाऊ आधी रोज रात्री घरी येऊन ती जाळी स्पिरिटने पुसायचा. पुढे पुढे पुसायचा नाही. म्हणायचा, अक्का, सगळ्या गावाचं उष्टं आहे हे, किती पुसू.

गाव त्याला हॅलो म्हणायचं. कार्यक्रमाच्या आधी तो हॅलो, हॅलो करून आवाज बघायचा, ते पोरांनी उचललं, मग पोरांच्या बापांनी. काय हॅलो, आज कुठं, असं रस्त्यात विचारायचे. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. गाण्यात तो फार मोठा होता असं मी म्हणणार नाही. गळा बरा होता. पण आवाज बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हॉल कसाही असो, पत्र्याचा असो की घुमटाचा, हा आत जाऊन एकदा टाळी वाजवायचा, ऐकायचा, आणि मग स्पीकर कुठे ठेवायचे ते सांगायचा. गाणाऱ्यांना तो स्वतःच्या हाताने माइकसमोर उभं करायचा, हनुवटीला बोट लावून. कोणी फार ऐट केली तर म्हणायचा, घाबरू नका, इको लावला की गाढवसुद्धा गवई होतं.

ते सगळं सामान मी झोपायची त्या खोलीत होतं. नवरा गेल्यावर मी भावाकडे आले तेव्हा मला तीच खोली मिळाली. दोन मोठे स्पीकर, दोन लहान, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, स्टँड आणि वायरींची पोती, आणि त्यांच्या मधे माझं अंथरूण. कुणी मला वाईट वागवलं नाही. सामानाने मात्र वागवलं. त्या स्पीकरांना वास होता, घामाचा, सांडलेल्या सरबताचा, ओल्या कापडाचा. उन्हाळ्यात त्यांच्या कडेचा काळा फोम विरघळायचा आणि हात लागला की डांबरासारखा चिकटायचा. अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीतून झुरळं ये-जा करायची, आतल्या उबेला त्यांनी अंडी घातली होती. मी रोज झाडायची आणि रोज तेवढीच घाण निघायची. तरी ते सामान विकायचं ठरलं तेव्हा मला आनंद झाला नाही. का झाला नाही, हे मी पुष्कळदा शोधलं. बहुतेक असं असेल की ज्याची किळस येते त्याचीही सवय होते, आणि सवय मोडली की माणसाला उगीच दुःख झाल्यासारखं वाटतं.

किळस मला नवीन नव्हती. आदल्या वर्षी भावाच्या घशात गाठ निघाली आणि दवाखान्यात त्याचा आवाज काढून घेतला. असंच म्हणतात का ते मला माहीत नाही, पण आम्हाला तसंच वाटलं, वरच्या खिशातून किल्ली काढावी तसा. मानेला पुढून एक भोक ठेवलं, त्यातून श्वास. त्या भोकात एक नळी, आणि नळीच्या आत दुसरी नळी, ती रोज काढून बारीक ब्रशने धुवायची. भावजयीने पहिल्या दिवशी प्रयत्न केला आणि मोरीत जाऊन ओकली. मला म्हणाली, वन्सं, मला मारा पण हे सांगू नका. मग मी करायला लागले. मलाही ओकारी यायची, पण मी ती गिळायची. कफ कधी पिवळा, कधी रक्ताच्या धाग्याचा. खोकला आला की तो तोंडातून यायचाच नाही, मानेतून यायचा, आणि समोर बसलेल्याच्या अंगावर उडायचा. भाऊ डोळ्यांनी माफी मागायचा. मला त्या माफीचीच जास्त शिसारी यायची. ज्याने हजार माणसांना गप्प बसवलं, तो माणूस शिंतोड्याबद्दल माफी मागतो.

तो बोलेनासा झाला आणि पाटीवर लिहायला लागला. मला अक्षर येत नव्हतं. आमच्या वेळी मुलीला शाळेत घालायची रीत आमच्या घरात नव्हती, आणि पुढे कधी नड पडली नाही. आता तो लिहायचा आणि मी पाटीकडे बघत बसायची, बैलासारखी. भाचा घरी नसला की त्याला पाणी हवंय की ऊब हवीय ते कळायचं नाही. मग मी वाचायला शिकले. भाच्याने सुरुवात करून दिली, बाकीचं दुकानांच्या पाट्यांवरून आणि भावाच्या पाटीवरून. त्याने मला लिहून दिलेला पहिला शब्द होता, नळी. लोकांना म्हातारपणी वाचता यायला लागलं की ते देवाचं वाचतात. मी नळी वाचली.

सामान विकायचं कारण बाळ होतं. भाचा म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय, धूळ नको, झुरळं नकोत, वेगळी खोली हवी. खोली रिकामी झाली नाही तर बायको बाळाला घेऊन सरळ तिच्या आईकडे जाईल, आणि ते घर गाडीने दिवसभराच्या वाटेवर. म्हणजे आजोबाला नात बघायला मिळणार नाही, कारण त्या नळीसकट त्याला एवढा प्रवास झेपणारा नव्हता. भावाने ते ऐकलं आणि पाटीवर काही लिहिलं नाही. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. इथे ते सामान कुणी फुकटही नेत नव्हतं. आता जेवणाच्या डब्याएवढ्या खोक्यातून सगळ्या हॉलला पुरेल एवढा आवाज निघतो म्हणे. पलीकडे अजून असल्या जुन्या सामानाला मागणी आहे, तिथे ते दुरुस्त करून वापरतात, म्हणून भाच्याने फोनवरून पलीकडच्यांशी जमवलं. काय जमवलं ते मला त्या सकाळी कळलं.

बाईने जाळी परत बसवली आणि भाच्याला म्हणाली, “तुमच्या वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं, दादा. हृदयाच्या झटक्याने गेले ते एका परीने बरंच म्हणायचं. हाल नाहीत.”

भाचा म्हणाला, “हो, कळलंच नाही आम्हाला.”

मी भावजयीकडे बघितलं. ती चहाच्या कपांकडे बघत होती. तिला माहीत होतं. आतल्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडद्याच्या मागे पलंग, पलंगावर भाऊ, आणि भावाचं आवाज सोडून सगळं शाबूत होतं, कान तर आधीपेक्षा तिखट. मी उठून मोरीत गेले. भाचा मागोमाग आला आणि नळ सोडून हळू आवाजात सांगू लागला. तो रागावलेला नव्हता, मला समजावत होता, लहान मुलाला औषध पाजतात तसा. म्हणाला, आत्या, ती गाणारी आहे, माइकला तोंड लावणार. घशाच्या माणसाचा माइक आहे म्हटल्यावर ती हातही लावणार नाही. तिला किती सांगणार की हे लागत नाही म्हणून. मेलेल्याचं चालतं गं. आजाऱ्याचं चालत नाही.

मी त्या नळाच्या पाण्याकडे बघत राहिले. सकाळी मी त्याच मोरीत नळी धुतली होती आणि कडेला एक बारीक धागा अजून चिकटलेला होता. माझ्या मनात आलं, खरं बोलतोय तो. जगाची रीतच आहे ती. मेलेल्या माणसाची घड्याळं घालतात, त्याच्या खुर्चीत बसतात, त्याचा कोट उसवून पोराला शिवतात. आजारी माणसाचा पेला मात्र वेगळा ठेवतात. मीही ठेवला होता. भावाचा पेला आमच्या घरात वेगळाच होता, फळीच्या टोकाला, आणि तो मीच तिथे ठेवला होता. तरी भाच्याचं तोंड त्या वेळी मला बघवेना. दाढी केलेलं, स्वच्छ, मुलीचा बाप झाल्यामुळे जरा सुजलेलं. बापाला मारून त्याने काय निवडलं होतं, तर हृदयविकार. नीटनेटकं मरण.

आम्ही बाहेर आलो तर गाडीवाल्याने सगळं जोडलं होतं. माणूस कामाला स्वच्छ होता, वायर हिसकून न ओढता पिनेचं डोकं धरून काढत होता. स्पीकरमधून ती ओळखीची खरखर सुरू झाली, आणि माझ्या पायाखालची फरशी मला जिवंत वाटली. किती महिन्यांनी. गाडीवाल्याने बोटाने माइकवर टकटक केलं. बाईने दोन ओळी गाऊन बघितल्या. आवाज जाड होता, पण खरा. मला तिचा राग यायला हवा होता, आणि मी ऐकत राहिले. पडद्यामागे काही हललं नाही.

मग बाईने त्यांची पद्धत सांगितली. त्यांना हद्दीवर अडवतात. सामान कुणाचं, चोरीचं कशावरून नाही, असं विचारतात. मागे एकदा त्यांचं सगळं गाडीभर सामान तिथेच राहिलं, कारण कुण्या पोराने बापाच्या पाठीमागे विकलेलं निघालं. तेव्हापासून ते एक करतात. सामान सगळं मांडायचं, चालू करायचं, आणि घरातल्या मोठ्या माणसाने त्याच सामानाच्या माइकवर बोलायचं, की हे आमचं, राजीखुशीने दिलं. मालक गेलेला असेल तर तो कोण होता आणि कधी गेला तेही बोलायचं. हे फोनमध्ये धरायचं आणि हद्दीवर दाखवायचं. भाचा म्हणाला, मी बोलतो. बाई मान हलवून म्हणाली की पोराचं ते मानत नाहीत. मग ती माझ्याकडे वळली.

“मावशी, तुम्ही त्यांच्या कोण?”

“बहीण. मोठी.”

“मग तुम्हीच बोला. म्हातारं माणूस खोटं बोलत नाही असं त्या शिपायांना वाटतं.” आणि ती हसली. वाईट हसली नाही. दिवसभर गाडीत बसलेल्या माणसासारखी दमून हसली.

तिने माइक माझ्या हातात दिला. तो थंड आणि जड होता. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी झोपले, पण हातात कधी धरला नव्हता. जाळीला माझंही नाक लागेल इतका तो जवळ आला आणि मलाही तो वास आला. लोखंड, शिळी लाळ, आणि त्याच्याखाली, अगदी खाली, भावाच्या तोंडाचा वास, धडधाकट असतानाचा, तंबाखू आणि लवंगेचा. आता त्याच्या तोंडाला कसलाच वास येत नव्हता, कारण श्वास तिकडून जातच नव्हता. मला वाटलं आपण इथेच ओकणार, माइकवर, आणि ते सगळं फोनमध्ये येणार. समोर फोन धरलेली बाई. बाजूला भाचा, हाताची घडी घालून. भावजय भिंतीला टेकून. प्रश्न एवढाच होता की पडद्याआड जिवंत बसलेल्या भावाला मी तोंडाने मेला म्हणायचं की नाही. म्हटलं तर नात घरी येणार. नाही म्हटलं तर हे दोघे रिकामे परत जाणार, आणि नात कुणाच्या तरी दुसऱ्या घरी रांगायला लागणार. मी तोंड उघडलं. स्पीकरमधून माझाच श्वास आला, एवढा मोठा, म्हशीसारखा. मी दचकून मागे सरले, माइक स्पीकरच्या तोंडाला गेला, आणि शिट्टी सुरू झाली.

ज्याने ती ऐकली नाही त्याला सांगून कळणार नाही. कानात सळई घालावी तशी ती शिट्टी वाढतच जाते. गाडीवाला मिक्सरवर झेपावला, पण त्याला त्या यंत्राची बटणं ओळखीची नव्हती, आणि ती चढतच गेली. पडदा बाजूला झाला आणि भाऊ बाहेर आला.

मी त्याला तेव्हा नीट बघितलं, जसं परक्यांनी बघितलं असेल तसं. गळ्याला पंचा गुंडाळलेला, विजार सैल, चेहऱ्यावर फक्त डोळे उरलेले. तो कुणाकडेही न बघता सरळ मिक्सरकडे गेला. गाडीवाल्याचा हात त्याने मनगटाला धरून बाजूला केला आणि एक बटण अर्धं मागे फिरवलं. शिट्टी तुटली. खोलीत इतकी शांतता झाली की पंच्याखालचा त्याचा श्वास ऐकू येत होता, फुसफुस, फुसफुस, पंक्चर चाकासारखा.

गाडीवाल्याने विचारलं, “हे कोण?”

भाच्याला एक क्षणही लागला नाही. “काका,” तो म्हणाला. “वडिलांचे भाऊ. त्यांना बोलता येत नाही, लहानपणापासून. आणि वारा बाधतो.”

भावजयीने डोळ्यांना पदर लावला. बाईला वाटलं असेल, दिराला बघून नवऱ्याची आठवण आली. मी भावाकडे बघत होते. आता हा काहीतरी करील, मला वाटलं. पंचा काढील. मला ते हवंही होतं. ते भोक या सगळ्यांनी बघावं, बाईच्या घशात ती दोन ओळींची तान अडकावी, भाच्याचं दाढी केलेलं तोंड पडावं. मी माझ्या आयुष्यात कशाची इतकी वाट बघितली नाही. भाऊ माझ्याजवळ आला. त्याने मला खांद्याला धरून स्पीकरच्या मागे आणलं आणि उभं केलं. माइक माझ्या हातात होता तो किंचित तिरका केला. मग माझ्या हनुवटीला बोट लावून ती वर केली. परत जाऊन तो मिक्सरजवळ बसला, एक कान माझ्याकडे करून, आणि हाताने खूण केली. घ्या.

त्याची अशी खूण झाली की भलेभले बोलायला लागायचे. मीही लागले. म्हणाले, हे माझ्या भावाचं सामान, आम्ही राजीखुशीने दिलं. माझा भाऊ वारला. माझा आवाज स्पीकरमधून आला तेव्हा तो माझा वाटला नाही, कुणा शहाण्या, पोक्त बाईचा वाटला, जिच्यावर कोणीही विश्वास ठेवील. भाऊ बटण किंचित फिरवत होता, मला सावरत होता. बाईने फोनमागून विचारलं, कधी. हे कुणी ठरवलंच नव्हतं. मी भावाकडे बघत म्हणाले, मागच्या वर्षी, पावसाळा सरताना, शुक्रवारी सकाळी. ती त्याच्या घशाच्या ऑपरेशनची सकाळ होती. भावाने मान हलवली. समेवर आलेल्या माणसाला द्यावी तशी दाद, लहानशी.

त्या मान हलवण्याचा मला जितका वीट आला तितका भाच्याच्या खोट्याचा आला नाही. खोटं बोलणारे बोलतात, त्यांना काहीतरी हवं असतं. पण ज्याला मारलं त्याने बसून आवाज जमवून द्यावा. मी माइक खाली ठेवला आणि हात साडीला पुसले, पुन्हा पुसले. दोघांनी सामान गाडीत भरलं. भाऊ मोठ्या स्पीकरच्या पाठीला हात लावून उभा होता, त्यालाही त्यांनी नम्रपणे बाजूला केलं. जाताना बाईने माझ्याकडे साबण मागितला आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मला म्हणाली, मावशी, तुमचे हे दीर की भाऊ, त्यांना कान छान आहे, कुठे कामाला लावा. मी म्हटलं, बघू.

खोली धुतली. डांबरासारखे डाग घासून निघाले नाहीत तेव्हा त्यावर पाळणा ठेवला. मला ओसरीत जागा झाली. संध्याकाळी मी भावाची नळी काढायला बसले तेव्हा त्याने पाटी पुढे केली. मला वाटलं, आता लिहील. पोराबद्दल, माझ्याबद्दल, काहीही. त्याने लिहिलं होतं, आवाज फाटला नाही. खाली आणखी लिहिलं होतं, तुझा गळा चांगला आहे अक्का, उगीच राहून गेलं. मी पाटी तळहाताने पुसली, थुंकी लावून, आणि नळी नेहमीपेक्षा जोरात घासली. तो कळवळला. मी थांबले नाही.

नात घरी आली. त्याच्या मांडीवर तिला देत नसत, कफ उडेल म्हणून. पाळण्याच्या पायथ्याशी बसू देत. तो तिथे बसून हवेत बोटं फिरवायचा, अदृश्य बटणं, आणि ती रडायची थांबली की आमच्याकडे बघायचा. भाचा म्हणायचा, बघा, बाबांचं किती बरं चाललंय. तो बाबा म्हणाला की दर वेळी माझ्या तोंडात कडू पाणी यायचं. घरात सगळे एकमेकांशी गोडच वागत होते.

पुढे जेव्हा खरंच सांगायची वेळ आली, तेव्हा शेजारीपाजारी दारात उभे राहिले आणि मोठी म्हणून माझ्याकडे बघू लागले. मला ते वाक्य बोलता येईना. ते एकदा वापरून झालं होतं. भाच्याने सांगितलं. तेव्हा मी गप्प राहिले ते आता लिहायला येतं म्हणून लिहिते. माझा धाकटा भाऊ, ज्याला गाव हॅलो म्हणायचं, तो नात चालायला लागली त्या वर्षी मार्च महिन्यात, मंगळवारी दुपारी, घरी वारला.